चादरीची झोळी

(दृश्य: सकाळचं ऊन, पिवळा माळ, पुढं चालणारी माणसं)

हे चित्रण माझ्या फोनवरचं आहे. हात हलतोय, आवाजात वारा घुसलाय, तेवढं सांभाळून घ्या. जानेवारीतला रविवार होता. सोलापूरच्या पूर्व भागातली आम्ही घरची नऊ माणसं बार्शी रोडनं नान्नजकडं हुरडा खायला गेलो होतो. पोटं भरल्यावर बाबा म्हणाले, "चला, जरा माळ तुडवून येऊ."

आम्हा सोलापूरकरांच्या नशिबी डोंगर नाही. आमचा ट्रेक म्हणजे माळ. लांबून परातीसारखा सपाट दिसतो, चालायला लागलं की पोटऱ्या बोलतात. इथलं माळढोक अभयारण्य 1979 सालचं. तेव्हा ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, पुढं बरंच आक्रसलं. माळढोक आता नशिबात असेल तरच दिसतो. आम्ही अभयारण्याच्या हद्दीबाहेरून चाललो होतो, लांबवर काळविटांचा एक कळप दिसला तेवढंच.

(दृश्य: पायवाटेवर समोरून मेंढरं येतात)

10 वाजून 42 मिनिटं. वाट अरुंद, म्हणून आत्या मेंढरांना वाट द्यायला दोन पावलं गवतात सरकली. पायात साधी सपाता. आता नीट ऐका. मेंढरांच्या ओरडण्याखाली कुकरची शिटी दाबून धरल्यासारखा एक लांब फूत्कार आहे. त्या वेळी मला तो ऐकूच आला नव्हता. घरी आल्यावर दहादा ऐकला.

आत्या म्हणाली, "बोराटीचा काटा घुसला गं." अव्वानं, म्हणजे आमच्या आजीनं, गवतात पाहिलं आणि थेट आमच्या घरच्या तेलुगूत ओरडली, "पामु!" म्हणजे साप. जाडजूड अंग, पाठीवर साखळीच्या कड्यांसारखे तपकिरी ठिपके. घोणस. थंडीच्या दिवसांत ती सकाळच्या उन्हाला येऊन पडते. मेंढरामागचा माणूस पळत आला. "पान लागलं का ओ बाईला?" साप चावला असं तो तोंडानं म्हणाला नाही. गावाकडं म्हणत नाहीत.

(पडदा काळा)

इथून पुढं चित्रण नाही, कारण फोनवरून मी 108 लावला होता.

तोवर बाबांनी आत्याच्या पोटरीला रुमाल करकचून आवळला होता. सिनेमात पाहिलेलं. फोनवरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "रुमाल सोडा. कापू नका, चोखू नका. त्यांना चालवू नका, पाय हलू देऊ नका. आणि पायातलं सगळं काढा, सूज चढेल."

घोणसचं विष चावल्या जागेचं मांस सडवतं. वरून आवळलं की ते तिथंच कोंडतं, पायाचा रक्तपुरवठाही तुटतो. हे आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी बाबांना गाठ सोडवत नव्हती. आपणच विष वर सोडतोय असं वाटत होतं त्यांना.

पैंजण निघाले. जोडवी निघेनात. त्यात अव्वा आडवी आली. नवरा जिवंत असताना जोडवी काढायची? सत्तरीची बाई, माळावर उन्हात उभी, रडत भांडत होती. शेवटी आत्याच म्हणाली, "अम्मा, बोट तुटण्यापेक्षा बरं. काढा." साबण नाही, तूप नाही. हुरड्यासोबतच्या शेंगाचटणीच्या डब्यात कडेला तेल साचलं होतं, तेच बोटाला चोळलं. एक जोडवं सटकलं, मग दुसरं. तिखट बोटाला झोंबलं म्हणून आत्यानं बाबांना जी शिवी दिली, ती इथं ऐकवत नाही.

गाडी दीड किलोमीटर लांब. चालवायचं नाही, मग न्यायचं कसं? बसायला नेलेली चादर बाबांनी झटकली. आमची सोलापुरी, दोन्ही बाजूंनी नक्षी दिसते ती. बाबा तीस वर्षं यंत्रमागावर उभे राहिलेत. त्यांनी चादर अंथरली, आत्याला आडवं घातलं, पायाला काठी बांधून तो सरळ ठेवला आणि चारी टोकं पिळून चौघांच्या हातात दिली. मेंढरावाला पाचवा. मधूनमधून हात बदलत, खाली न टेकवता, पंचवीस मिनिटांत झोळी डांबरी रस्त्याला लागली. पुढं रुग्णवाहिका येऊन मिळाली.

(दृश्य: काचेची नळी, स्टँडमध्ये उभी)

दवाखान्यात सगळ्यांत आधी रक्त घेतलं. दोन मिलीलीटर, कोऱ्या कोरड्या काचेच्या नळीत. नळी स्टँडवर ठेवली, आणि सिस्टर म्हणाल्या, "वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही." महागडं यंत्र नाही, काही नाही. नळी आणि भिंतीवरचं घड्याळ. चांगलं रक्त एवढ्या वेळात गोठून घट्ट बसतं. वीस मिनिटांनी त्यांनी नळी कलती केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

मग प्रतिविष सुरू झालं. दहा कुप्या, सलाइनमधून, तासाभरात. हे औषध घोड्याच्या रक्तातून तयार होतं आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच चालतं. कुणाकुणाला त्याचीच रिॲक्शन येते, म्हणून ॲड्रिनॅलीनचं इंजेक्शन भरून शेजारी ठेवलेलं होतं. सहा तासांनी पुन्हा नळी. पुन्हा पातळ. आणखी दहा कुप्या. लघवी किती होते ते मोजत होते, कारण घोणस मूत्रपिंडावरही जाते. रात्री एकच्या सुमाराला तिसरी नळी कलती केली. रक्त जागचं हललं नाही. बाबा बाहेर येऊन पायरीवर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

भारतात सर्पदंशानं दरवर्षी सुमारे 58 हजार माणसं जातात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आत्या सहाव्या दिवशी घरी आली.

(दृश्य: गॅलरीत वाळत घातलेली चादर)

चादर धुतली. एक टोक ताणून लांबलंय, ते आता घडीत बसत नाही. पायाची सूज मात्र हटता हटेना. अव्वा दर शुक्रवारी जोडवी घेऊन यायची, बोटाला लावून बघायची आणि परत डबीत ठेवायची. जोडवी बसली ती थेट पाडव्याला. अव्वानं बोटाला तेल लावलं. या वेळी खोबऱ्याचं.