शिट्टी ज्याच्या हाती

मित्रहो, म्हापशात बोलतोय, तर शेजारच्या शिवोलीपासूनच सुरुवात करतो. गोव्यात फुटबॉल आणला तो फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश धर्मगुरूंनी, १८८३ साली, याच शिवोलीत. आजही कितीतरी गावांत चर्च आणि मैदान शेजारी शेजारी दिसतात. सकाळी मिस्सेला गुडघे टेकणारा मुलगा संध्याकाळी पंचाच्या अंगावर धावून जातो, हे मी शिट्टी घेऊन उभा असताना अनेकदा पाहिलंय. मला त्याचा राग येत नाही. आम्ही मोठ्यांनीच त्याला या दोन जागा वेगळ्या करून दिल्या, याची खंत वाटते.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, आठव्या अध्यायात, कफर्णहूमचा शताधिपती येतो. रोमी अंमलदार. त्याचा चाकर आजारी आहे. येशू घरी यायला तयार होतो, तर हा म्हणतो, प्रभुजी, नुसता शब्द बोला, तेवढ्याने तो बरा होईल. आणि कारण काय देतो बघा! मीही अधिकाराखालचा माणूस आहे, आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत. हाताखालचे शिपाई त्याला नंतर आठवतात. आपण कुणाच्या तरी हुकमात आहोत, हे तो आधी सांगतो. येशूला त्याचं आश्चर्य वाटलं. एवढा विश्वास मला इस्राएलातही आढळला नाही, असं तो म्हणाला.

पंचाचंही तेच. फुटबॉलचे नियम सतरा, त्यातला पाचवा पंचाचा. गोल झाला की नाही, हे तोच ठरवणार आणि ते अंतिम. पण बाकीचे सोळा नियम त्याच्याही डोक्यावर आहेत.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय, म्हणजे 'वरच्या अधिकाऱ्यांच्या अधीन राहा' ही शिकवण, दाखवून पोरांची तोंडं बंद करणारे मला पटत नाहीत. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती, म्हणून रविवार हा प्रभूचा दिवस मानणाऱ्या स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलने त्या शर्यतीला नकार दिला. ४०० मीटर मात्र तो धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेतलं. नकार देणाराही नियम पाळूनच धावला, हे मुलांना सांगायला हवं.

आता माझी चूक सांगतो. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, स्पर्धेतला उपांत्य सामना, शेवटची मिनिटं. पाहुण्या संघाचा गोल मी ऑफसाइड ठरवला. लाइन्समनचा झेंडा खालीच होता, मी तिकडे पाहिलंच नाही. दहा जण ओरडत आले. कर्णधाराने, सतराएक वर्षांच्या पोराने, त्यांना मागे लोटलं आणि हात पाठीमागे बांधून एकटा माझ्यापुढे उभा राहिला. २०२४ च्या युरो स्पर्धेत फक्त कर्णधारानेच पंचाशी बोलावं असा दंडक घातला. या पोराला तो कितीतरी आधीच कळला होता.

"सर, एकदा लाइन्समनला विचाराल?"

मी विचारलं नाही. ताठपणे मान हलवली. "बरं सर," म्हणून तो फिरला. ते हरले.

सामना संपल्यावर लाइन्समनने मला बाजूला घेऊन सांगितलं, गोल स्वच्छ होता. मी तसाच रस्त्यावर गेलो. त्यांचा टेम्पो सुटायच्या बेतात होता. सगळ्या पोरांसमोर म्हटलं, माझं चुकलं, तुझं ऐकायला हवं होतं. कुणी काही बोललं नाही. टेम्पो सुरू झाला, तसा तो फळीवरून वाकून म्हणाला, "सर, पुढच्या रविवारी आमच्या गावात सामना आहे, पंच मिळत नाही. याल?"