सोबत कुणी उरलं नव्हतं

(दृश्य : माणगाव, तहसील कार्यालयाचं आवार. सकाळची वर्दळ.)

मुंबईहून गोव्याकडे निघालं की रायगड जिल्ह्यात माणगाव लागतं. इथल्या तहसील कार्यालयात रोज माणसांची ये-जा असते. कुणाला सातबारा हवा असतो, कुणाला उत्पन्नाचा दाखला, कुणाची वारसनोंद अडकलेली असते. या सगळ्या धावपळीत एक पुतळा उभा आहे. नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. ब्रिटिशांच्या काळातला शौर्याचा सर्वोच्च सन्मान.

पुतळ्यासमोरून जाणाऱ्या बहुतेकांना नाव माहीत असतं, कुठल्याशा मोठ्या लढाईत पराक्रम गाजवला एवढंही माहीत असतं. पण त्या दिवशी नेमकं काय झालं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. आज आपल्याला तेच बघायचं आहे. एक दिवस. खरं तर त्या दिवसातली थोडीशीच मिनिटं.

(दृश्य : नकाशा. कोकणपट्टी, अरबी समुद्र, मग इटली.)

१० जुलै १९४४. दुसरं महायुद्ध चालू होतं. कोकणात हे दिवस भातलावणीचे. गुडघाभर चिखल, पाठीवर इरलं, आभाळ टेकलेलं. आणि त्याच वेळी हजारो मैलांवर, इटलीच्या कोरड्या उन्हाळ्यात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा पलटणीचे जवान डोंगर चढत होते. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची ही तिसरी बटालियन. त्यातले एक सेक्शन कमांडर होते माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे. वय २२ वर्षं. जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा.

रोम शहर ४ जूनलाच दोस्त राष्ट्रांच्या हाती आलं होतं. नकाशावर बघणाऱ्याला वाटावं, आता इटली संपली. पण जर्मन सैन्य पळालेलं नव्हतं. ते शिस्तीत मागे सरकत होतं, आणि सरकताना प्रत्येक टेकडी, प्रत्येक नदीचं वळण अडवून ठेवत होतं. उत्तरेला डोंगररांगांमध्ये त्यांची पक्की तटबंदी तयार होत होती. तिला वेळ मिळावा, म्हणून खाली टायबरच्या खोऱ्यात पावलोपावली लढाई. हे खोरं चढण्याचं काम दहाव्या भारतीय डिव्हिजनकडे होतं.

अशा लढाईला मोठी नावं मिळत नाहीत. एक टेकडी घ्यायची, रात्र काढायची, सकाळी पुढची टेकडी. आणि प्रत्येक टेकडीवर दडवून ठेवलेली मशिनगन. जर्मनांची एमजी-४२ मिनिटाला साधारण १,२०० गोळ्या झाडायची. म्हणजे सेकंदाला वीस. तिच्यासमोर उघड्यावर सापडलेल्या माणसाला आडोसा शोधायलाही वेळ मिळत नसे.

(दृश्य : जुनं छायाचित्र, डोंगर चढणारे भारतीय जवान. आवाज बंद.)

पुढची गोष्ट सांगण्याआधी एक समजून घेऊ. सेक्शन म्हणजे काय? पायदळातली सगळ्यात लहान तुकडी, साधारण दहा माणसांची. तिचा म्होरक्या नाईक, दंडावर दोन फिती. फार मोठा हुद्दा नव्हे. पण या दहा माणसांसाठी तोच सगळं काही. कोण कुठे झोपला, कुणाच्या बुटाने पाय सोलला, कुणाला घरून पत्र आलं नाही, हे सगळं त्याला ठाऊक असतं. तो त्यांच्यासोबतच खातो, त्यांच्यासोबतच खंदक खणतो. आणि ‘चलो’ म्हणायची वेळ येते, तेव्हा ते त्यालाच म्हणायचं असतं.

त्या दिवशी घाडगे यांच्या कंपनीने, म्हणजे अशा अनेक सेक्शनच्या मिळून बनलेल्या तुकडीने, शत्रूच्या एका भक्कम मोर्चावर हल्ला चढवला. घाडगे यांचं सेक्शन पुढे सरकत असताना अगदी जवळून मशिनगन सुरू झाली. कमांडर सोडून सेक्शनमधला प्रत्येक जण पडला. काही जागच्या जागी गेले, काही जखमी.

पुढे व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात एक वाक्य आहे. ते मी कितीदा वाचलं असेल, याची गणती नाही. त्यात लिहिलंय, की आपल्यासोबत यायला आता कुणीही उरलेलं नाही, हे पूर्ण ठाऊक असताना, क्षणाचाही विचार न करता नाईक घाडगे त्या मशिनगनवर धावून गेले.

पूर्ण ठाऊक असताना.

शौर्याच्या गोष्टी सांगताना आपण सहज म्हणून जातो, की त्याला मरणाची पर्वा नव्हती, तो बेभान झाला होता. इथे तसं म्हणता येत नाही. ज्यांनी ते मानपत्र लिहिलं, त्यांनी मुद्दाम नोंदवून ठेवलंय, की हा माणूस भानावर होता. त्याने मागे बघितलं असेल. ज्यांना रोज हुकूम द्यायचा, त्यातलं उठून उभं राहणारं कुणी नव्हतं. तिथे जमिनीला चिकटून राहिले असते, मागच्या तुकड्यांची वाट बघितली असती, तर त्यांना कुणी दोष दिला नसता. मला वाटतं, ही सगळी कथा त्या एका क्षणात आहे. बाकीचं त्यानंतर घडत गेलं.

(दृश्य : उतारावरची वाळलेली गवताची पाती, वाऱ्यावर हलणारी. कॅमेरा जमिनीलगत.)

आधी हातबॉम्ब. तो अचूक पडला. मशिनगन बंद पडली आणि ती चालवणारा ठार झाला.

मग घाडगे मोर्चात पोचले. शेजारी कुणी नाही. तिथल्या एकाला त्यांनी गोळी घातली. आणि बंदुकीतल्या गोळ्या संपल्या.

मॅगझिन बदलायला कितीसा वेळ लागतो? सरावलेल्या हाताला काही सेकंद. रिकामं मॅगझिन काढायचं, कमरेच्या पिशवीतून भरलेलं ओढायचं, बसवायचं, खटका ओढायचा. पण समोर अजून दोघे होते आणि तेवढे सेकंद नव्हते. घाडगे यांनी बंदूक उलटी धरली. इतका वेळ गोळ्या झाडलेली नळी, तापून चटका बसावा अशी. ती दोन्ही मुठींत पकडून त्यांनी दस्त्याने त्या दोघांना संपवलं.

हे ऐकायला सोपं नाही. ते गुळगुळीत करून सांगणं मला बरोबर वाटत नाही. हात पोचेल इतक्या अंतरावर, चेहरे दिसत असताना लढावं लागणं, हे त्या २२ वर्षांच्या मुलाच्या वाट्याला आलं. त्याने ते केलं, कारण ती मशिनगन पुन्हा सुरू झाली असती, तर खाली उघड्यावर पडलेले त्याचे जखमी जवान वाचले नसते आणि मागून येणारी कंपनीही तिच्या तोंडी सापडली असती.

मोर्चा हाती आला. एकट्याच्या हाती. आणि तेवढ्यात आजूबाजूला दडलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. गोळ्या छातीत लागल्या, पाठीत लागल्या. जो मोर्चा त्यांनी घेतला, त्याच मोर्चात नाईक यशवंत घाडगे गेले.

(काही क्षण निवेदन नाही. फक्त वारा.)

मानपत्रात त्या सेक्शनमधल्या दुसऱ्या कुणाचं नाव नाही. ‘सगळे’ एवढाच शब्द येतो. त्या शब्दातही कुणाकुणाची घरं आहेत, दारात पोस्टमन थांबलेला आहे. यशवंत घाडगे यांची आठवण काढताना ही माणसंही आपोआप आठवावीत, असं मला मनापासून वाटतं. ते ज्यांच्यासाठी धावले, ती हीच माणसं होती.

(दृश्य : कांस्याचा क्रूस, गडद लाल फीत. जवळून.)

व्हिक्टोरिया क्रॉस दिसायला साधं पदक आहे. सोनं नाही, चांदी नाही. कांस्याचा काळपट क्रूस, गडद लाल रंगाची फीत, आणि पुढच्या बाजूला शौर्यासाठी एवढ्याच अर्थाचे शब्द. मागच्या बाजूला पराक्रमाची तारीख कोरलेली असते. नोव्हेंबर १९४४ मध्ये हे पदक घाडगे यांना मरणोत्तर जाहीर झालं. ते घ्यायला त्यांच्या पत्नीला जावं लागलं. कोकणातल्या एका तरुण बाईच्या हातात व्हाइसरॉयने तो क्रूस ठेवला. काही तोळ्यांचा.

इटलीतल्या मोहिमेत दिले गेलेले व्हिक्टोरिया क्रॉस २०. त्यातले ६ भारतीय सैन्यातल्या जवानांचे. आणि त्या सहांतले दोन मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. दुसरे नगर जिल्ह्याचे नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीच्या काठावर त्यांनी जखमी साथीदारांना पाण्यातून उचलून आणलं, मग तेही असेच मशिनगनवर चालून गेले आणि बांधावर उभं राहून पलटणीची युद्धगर्जना दिली. जाधव परत आले. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं त्यांना बघता आली, लोकांशी बोलता आलं. घाडगे यांना तेवढंही मिळालं नाही. त्यांच्या वतीने बोलायला उरलं ते मानपत्र. आणि तेही इंग्रजीत.

(दृश्य : इटलीतलं कॅसिनो गाव, युद्धस्मारक. हिरवा संगमरवर, नावांच्या रांगा.)

एक प्रश्न कायम विचारला जातो. ही लढाई आपली होती का? देश पारतंत्र्यात, दोनच वर्षांपूर्वी ‘चले जाव’ची घोषणा झालेली, आणि आपली पोरं इंग्रजांच्या सैन्यात. प्रश्न खरा आहे, तो टाळून चालणार नाही. दुसऱ्या महायुद्धात जवळपास २५ लाख भारतीय सैन्यात होते. कुणी पोटासाठी गेला, कुणी घराण्याची रीत म्हणून, कुणी साहसाच्या ओढीने. घराला मनीऑर्डरचा आधार होता. एकट्या इटलीत ५० हजारांहून अधिक भारतीय लढले आणि त्यातले ५,७८२ तिथेच राहिले.

घाडगे यांची कबर नाही. त्यांचं नाव आहे ते इटलीतल्या कॅसिनो गावातल्या युद्धस्मारकावर. ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणा नाही, अशा चार हजारांहून अधिक सैनिकांच्या नावांमध्ये.

पण त्या प्रश्नाचं एक उत्तर इटलीतूनच आलं, आणि तेही फार उशिरा. टायबरच्या खोऱ्यावर, उंच टेकडीवर मोन्टोने नावाचं छोटं गाव आहे. जुलै १९४४ मध्ये हे गाव मुक्त करणाऱ्यांत भारतीय जवान होते. २०२३ च्या जुलैमध्ये, म्हणजे तब्बल ७९ वर्षांनी, त्या गावाने आणि तिथल्या युद्ध-इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून एक स्मारक उभं केलं. त्याला नाव दिलं यशवंत घाडगे यांचं. ज्यांच्या दारात ती लढाई झाली, त्या माणसांच्या पुढच्या पिढ्यांनी हे नाव जपायचं ठरवलं.

(दृश्य : मोन्टोने. दगडी गल्ल्या, खाली पसरलेलं खोरं. मग सूर्यघड्याळ.)

हे स्मारक म्हणजे एक सूर्यघड्याळ आहे. त्यावर लॅटिनमध्ये एक ओळ आहे : आपण सगळे एकाच सूर्याखाली. घड्याळाला चावी नाही, काटे नाहीत. ऊन पडलं की सावली पडते आणि सावली वेळ सांगते.

सकाळी ती पश्चिमेकडे असते. दुपार कलली की हळूहळू फिरते. आणि संध्याकाळी, खोऱ्यातलं ऊन तांबूस व्हायला लागतं तेव्हा, यशवंत घाडगे यांच्या स्मारकाची सावली पूर्वेकडे लांबत जाते. पळसगाव त्याच दिशेला आहे.