अठ्ठेचाळीस जोड

(दृश्य: रस्त्याकडेचा चर, चिखलातून वर आलेली काळी केबल, जेसीबीचा दात.)

सिंधुदुर्गातला हा रस्ता रुंद होतोय. खोदता खोदता जेसीबीच्या दाताला ही केबल लागली आणि ओढली गेली. आत 24 फायबर होते, म्हणजे ज्यांतून प्रकाशाच्या रूपात संदेश धावतात ते काचेचे बारीक धागे. चोवीसच्या चोवीस तुटले.

तुटलेली जागा शोधायला सगळा रस्ता पालथा घालावा लागत नाही. एक्स्चेंजमधलं, म्हणजे केबल जिथून निघते त्या टेलिफोन केंद्रातलं, ओटीडीआर नावाचं यंत्र फायबरमध्ये प्रकाशाचा अगदी छोटा झटका सोडतं. जाता जाता त्यातला थोडा प्रकाश मागे परततो. किती वेळाने परतला, त्यावरून अंतर निघतं. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर धावतो. म्हणजे 1 किलोमीटर जाऊन परत यायला सेकंदाचा एक लाखावा भाग. पण यंत्र सांगतं ते अंतर फायबरचं, रस्त्याचं नव्हे. जागोजागी जमिनीतल्या चेंबरमध्ये, म्हणजे झाकणाच्या खड्ड्यांमध्ये, केबलची वेटोळी राखून ठेवलेली असतात. कुठल्या चेंबरमध्ये किती, हे केबल जोडायला आलेल्या या टोळीच्या मुकादमांना तोंडपाठ आहे.

(दृश्य: टेम्पोचा मागचा भाग, ताडपत्री, बॅटरीचा उजेड, हात.)

केबल ताणली गेली की तुटलेली टोकं एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. मध्ये नवा तुकडा घालावा लागतो. म्हणजे दोन ठिकाणी 24, एकूण 48 जोड.

रंगांचा क्रम ठरलेला आहे. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, असा पुढे. निळ्याला निळाच. त्यातही जे फायबर वापरात आहेत, ते आधी.

हे हात बघा. वरचं रंगीत आवरण ओरबाडून काढलं. उरली ती नुसती काच, जाडी 125 मायक्रोमीटर, मिलिमीटरचा आठवा भाग. प्रकाश धावतो तो तिच्याही पोटातल्या सुमारे 9 मायक्रोमीटरच्या गाभ्यातून. अल्कोहोलने पुसून घेतली. आता क्लीव्हर, म्हणजे काच कापायचं हत्यार. टक् असा आवाज, आणि टोक काटकोनात कापलं गेलं. कापलेल्या टोकाला बोट लावायचं नाही, फुंकरही मारायची नाही. खाली पडलेले काचेचे तुकडे एका डबीत जमा होतात, कारण हा तुकडा कातडीत शिरला तर दिसत नाही आणि निघतही नाही.

"स्लीव्ह घातलीस का रे?" मुकादम विचारतात. जोड झाल्यावर त्यावर चढवायची ही छोटी नळी आधीच ओवून ठेवावी लागते. विसरलं की चांगला जोड तोडून पुन्हा पहिल्यापासून.

दोन्ही टोकं जोडयंत्रात ठेवली, झाकण बंद. पडद्यावर दोन टोकं मोठी होऊन समोरासमोर येतात. यंत्र त्यांना स्वतः सरळ रेषेत आणतं. दोन इलेक्ट्रोडमध्ये ठिणगी पेटते, काच वितळते, एक होते. जोडात प्रकाश किती वाया जातो त्याचा आकडा येतो: 0.02 डेसिबल. जितका कमी तितका चांगला. मुकादम मान हलवतात. याच्या जागी 0.2 आला असता तर त्यांनी तो जोड तोडला असता.

(दृश्य: ॲनिमेशन. गावातला मोबाइल, टॉवर, केबल, पुण्याकडे जाणारे ठिपके. मध्येच रेघ तुटते.)

तिकडे गावात कुणीतरी फोटो पाठवला आहे. तो एकसंध जात नाही. त्याचे तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. इथरनेट या नेहमीच्या जोडणीवर एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त 1500 बाइट. आयपी आणि टीसीपी हे पाठवण्याचे ठरलेले नियम, म्हणजे प्रोटोकॉल. पॅकेटच्या सुरुवातीला आयपीच्या मथळ्यात कुठून कुठे जायचं तो पत्ता, टीसीपीच्या मथळ्यात क्रमांक. पलीकडचं यंत्र पोच देतं. पोच आली नाही तर फोन तेच पॅकेट पुन्हा पाठवतो, आणि दर खेपेला थांबायचा वेळ दुप्पट करतो. लिनक्स या संगणकप्रणालीवरचं यंत्र साधारण 15 मिनिटं असं करून मग नाद सोडतं.

या रचनेत तार तुटणार हे पहिल्यापासून धरलेलंच आहे. 1960च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस, दोघांनी स्वतंत्रपणे हाच विचार मांडला: संदेशाचे तुकडे करा, ज्याला जी वाट मोकळी मिळेल तिने जाऊ द्या. 1974 मध्ये व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी वेगवेगळी नेटवर्क जोडण्याची पद्धत लिहिली, आणि 1 जानेवारी 1983 रोजी अर्पानेट हे इंटरनेटचं पूर्वरूप टीसीपी/आयपीवर गेलं. आजही पॅकेटना वाट दाखवणारी यंत्रं, म्हणजे राउटर, ओएसपीएफ हा वाट शोधायचा प्रोटोकॉल चालवत असतील तर सहसा दर 10 सेकंदांनी शेजाऱ्याला 'हॅलो' पाठवतात. 40 सेकंद हॅलो आला नाही की शेजारी गेला असं समजून दुसरी वाट धरतात.

दुसरी वाट असेल तर. मुंबई-पुण्यात ती असते. या गावांना ही एकच केबल आहे. इथे प्रोटोकॉल कितीही हुशार असला तरी त्याला थांबावंच लागतं, ताडपत्रीखालचे हे हात मोकळे होईपर्यंत.

(दृश्य: शेवटचा जोड, ट्रेमध्ये गोल बसवलेले फायबर, एक्स्चेंजमधला लॅपटॉप.)

अठ्ठेचाळिसावा जोड. फायबर ट्रेमध्ये अलगद गोल बसवतात. वळण आवळलं तर प्रकाश बाहेर गळतो. मग ट्रे बंद डब्यात, डबा चेंबरमध्ये. एक्स्चेंजमध्ये पिंगची, म्हणजे 'आहेस का?' अशा चाचणी संदेशांची, उत्तरं एकाखाली एक यायला लागली.

मधल्या काळात रेशन दुकानातलं ई-पॉस हे धान्यवाटपाची नोंद करणारं यंत्र बंद होतं, पतसंस्थेचे व्यवहार अडले होते.

नोंदवहीत चेंबर, फायबरचा रंग, डेसिबल आणि तारीख लिहिली जाते. जोडणाऱ्याच्या नावाला रकाना नाही, आणि टोळीला पैसे मिळतात ते ठेकेदाराकडून, जोडामागे. खोदण्याआधी केबलवाल्यांना कळावं म्हणून केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणलं. इथल्या जेसीबीचालकाला त्याबद्दल कुणी सांगितलेलं नव्हतं. खोदाईची परवानगी देतानाच त्या ॲपवरची नोंद मागितली पाहिजे, आणि अशा गावांपर्यंत दुसऱ्या बाजूनेही एक केबल आली पाहिजे. रुंदीकरणाचे पुढचे सात किलोमीटर अजून खोदायचे आहेत.