अलिबागचे मागेन आबोथ

श्रोतेहो, नमस्कार. अलिबागच्या इस्राएल आळीतील मागेन आबोथ हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, १८४८ मध्ये उभे राहिले आणि १९१० मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली. एवढ्या वयाची वास्तू ऐतिहासिक म्हटली जाणारच. पण जो बेने इस्राएल समाज तेथे प्रार्थनेला जमू लागला, तो त्याआधी कित्येक पिढ्या सिनेगॉगवाचून आणि धर्मगुरूवाचून कोकणात ज्यू म्हणून राहिला होता, याचे मला अधिक नवल वाटते.

समाजाची परंपरा सांगते की, नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले, त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांचे धर्मग्रंथ समुद्राने गिळले. पुढे त्यांचे वंशज आसपासच्या गावांत पसरले. नवगावकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर ही आडनावे त्यांनी शेजाऱ्यांसारखीच गावावरून घेतली, बोली मराठी झाली आणि तेलाचा घाणा हा मुख्य व्यवसाय झाला. मात्र शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या धार्मिक विश्रांतीच्या, दिवशी घाणा बंद राही, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. सुंता, ‘शेमा इस्राएल’ ही प्रार्थना आणि खाण्यापिण्याचे नियम एवढेच हाती उरले होते. डेव्हिड राहाबी नावाच्या ज्यू पाहुण्याने बायकांसमोर निरनिराळी मासळी ठेवली आणि त्यांनी ज्यू धर्माला चालणारी, पर व खवले असलेली तेवढी निवडली, तेव्हा हे लोक ज्यूच आहेत अशी त्याची खात्री पटली, अशी आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, धर्म स्वयंपाकघरात टिकला होता हे ती अचूक सांगते.

दगडामातीचे सिनेगॉग त्यानंतरचे. पहिले मुंबईत, सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधले. कोकणातली गावे पुढच्या शतकात त्या वाटेने गेली. नवस फेडताना पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा करून एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचे स्मरण करण्याची घरगुती रीत मात्र आजही चालू आहे आणि त्यासाठी अलिबागजवळच्या खंडाळ्याला, संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा मानल्या जाणाऱ्या खडकापाशी, लोक आवर्जून जातात.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. तेथील धर्मपीठाने विवाहाच्या प्रश्नावर त्यांच्या ज्यूपणाबद्दलच शंका घेतली, तेव्हा या समाजाने जाहीर निदर्शने केली आणि १९६४ मध्ये पूर्ण मान्यता मिळवली. मागे राहिलेल्यांपैकी बरेच जण आता मुंबई-ठाण्यात असून अलिबागच्या सिनेगॉगची देखभाल मोजक्या कुटुंबांकडे आहे.