बुक आउटचा शनिवार

नमस्कार श्रोतेहो! आज मी बोलणार आहे सुट्टीवर घरी येणाऱ्या सैनिकाबद्दल, पण आपल्या सातारा-कोल्हापूरकडच्या फौजीबद्दल नाही. तो स्वतःच्या मर्जीने भरती होतो, वर्षातून एकदा-दोनदा मोठी रजा काढून ट्रंक घेऊन एसटीतून उतरतो आणि अख्खा वाडा त्याच्याभोवती जमतो. मी बोलतेय सिंगापूरमधल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांबद्दल, ज्यांना कायद्यानेच दोन वर्षं गणवेश घालावा लागतो आणि ज्यांची सुट्टी म्हणजे शनिवार-रविवार, तोही पूर्ण मिळाला तर. माझा धाकटा सध्या त्यातलाच एक आहे म्हणून हे सगळं घरातलंच झालंय.

थोडक्यात सांगते. सिंगापूर 1965 साली वेगळा देश झाला तेव्हा त्याच्याकडे स्वतःच्या पायदळाच्या जेमतेम दोन पलटणी होत्या, म्हणून 1967 मध्ये नॅशनल सर्व्हिस सुरू केली, इथे सगळे तिला नुसतं एनएस म्हणतात. आधी ती बऱ्याच जणांना अडीच वर्षं असायची, 2004 मध्ये सगळ्यांनाच दोन वर्षं केली. नागरिकांची मुलं तर जातातच पण आमच्यासारखे जे नोकरीसाठी आले आणि पर्मनंट रेसिडेंट झाले त्यांच्या पोरांनाही जावं लागतं. त्यामुळे इथल्या मराठी घरांमध्ये गणपतीच्या आरतीला चार बायका भेटल्या की विषय हाच, तुझा कधी जाणार, माझा कुठल्या कंपनीत म्हणजे लष्करी तुकडीत, पायाला फोड आले का, वजन किती उतरलं.

सुरुवात होते तेकोंग नावाच्या बेटावर. पहिल्या दिवशी आईवडिलांना फेरीने सोबत जाता येतं, तिथे पोरांच्या झोपायच्या खोल्या दाखवतात, पोरं शपथ घेतात आणि मग कुकहाउसमध्ये सगळ्यांनी एकत्र जेवायचं. मला ते जेवण आवडलं खरं तर, ताटात सगळं नीट होतं, मुस्लिम मुलांसाठी वेगळी सोय, शाकाहारींसाठी वेगळी. पण घास काही उतरत नव्हता, माझाही आणि समोरच्या टेबलावरच्या चिनी बाईचाही. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो, ती म्हणाली ईट, ईट, आणि स्वतः मात्र चमचा फिरवत बसली. मग पोरं आत, आपण परत फेरीत, आणि पुढचे साधारण दोन आठवडे त्यांना बाहेर सोडत नाहीत, त्याला कन्फाइनमेंट म्हणतात. त्यानंतर येतं ते पहिलं बुक आउट, म्हणजे सुट्टीसाठी छावणीतून बाहेर पडणं.

पासिर रिस हे मेट्रोच्या हिरव्या लाइनचं पूर्वेकडचं शेवटचं स्टेशन. बुक आउटच्या दिवशी तिथे जाऊन बघा एकदा. तेकोंगहून येणाऱ्या पोरांच्या बसेस तिथे रिकाम्या होतात, सगळ्यांचं डोकं सारखंच भादरलेलं, सगळ्यांचा तोच हिरवा गणवेश, उन्हाने रापलेली तोंडं, आणि समोर व्हाइट सँड्स नावाचा मॉल. आया वाट बघत उभ्या असतात आणि स्वतःचा मुलगा कुठला ते पहिला मिनिटभर कळतच नाही. आणि पोरं काय करतात, तर आधी आईला मिठी मारतात आणि लगेच विचारतात, बबल टी घेऊया का? बर्फवाला, गोड, खाली साबुदाण्याच्या मोठ्या गोळ्यांसारखे ते काळे मणी. दोन आठवडे कोणीतरी सांगेल तेव्हा उठायचं, सांगेल तेव्हा खायचं, सांगेल तितक्या वेळात संपवायचं, आणि आता काउंटरवरची मुलगी विचारतेय साखर किती टक्के, बर्फ कमी की जास्त. माझा मुलगा तिथे बराच वेळ बोर्ड वाचत उभा होता. मागे लाइन लागली तरी कोणी काही बोललं नाही, लाइनीत सगळी त्याच्यासारखीच होती ना!

मला या सुट्ट्यांबद्दल हेच मनापासून वाटतं, की पोराला त्या दिवशी काय हवंय ते त्याचं त्यालाच ठरवू द्यावं. आपण आया आधीच बेत आखून ठेवतो, शनिवारी पुरणपोळी, रविवारी मटण, मध्येच मावशीकडे, संध्याकाळी मंडळाचा कार्यक्रम. प्रेमानेच करतो. पण आठवडाभर दुसऱ्याच्या वेळापत्रकावर चालून आलेल्या पोराला घरी येऊन पुन्हा वेळापत्रकच मिळालं तर ती सुट्टी कसली?

आमच्याकडे गंमत अशी की शनिवारी आमच्या घरात सामिष शिजत नाही, मारुतीचा वार, सासूबाईंच्या काळापासून चालत आलेलं. आणि पोरगा यायचा शनिवारी दुपारी, चिकन चिकन करत. मी सासूबाईंना साताऱ्याला फोन लावला. त्या म्हणाल्या, अगं मारुती स्वतः लढवय्या, तो काय शिपायाच्या ताटात डोकावणारे, कर तू. विषय संपला. पण खरं सांगू का, घरी आल्यावर त्याने मागितलं काय, तर गरम वरण-भात, तूप, लिंबू आणि तळलेली मिरची. चिकन रात्री बाहेर मित्रांबरोबर खाईन म्हणाला. आणि जेवला किती भराभर! मी पापड भाजून आणेपर्यंत ताट स्वच्छ, उठून सिंकपाशी उभा. म्हटलं अरे बस की जरा, तर म्हणाला सवय झालीय. मग झोपला तो थेट दिवेलागणीलाच उठला. घरात कोणी मिक्सर लावला नाही, फोन सायलेंटवर, त्याचे बाबा क्रिकेटची मॅच आवाज बंद करून बघत होते.

फील्ड कॅम्पनंतरचं बुक आउट वेगळं असतं. त्यात काही दिवस जंगलात राहायचं, खड्डा खणायचा, पाकिटातलं तयार अन्न खायचं, अंघोळ नाहीच, अंगाला पावडर फासायची तेवढी. त्या पाकिटातलं सगळंच वाईट नसतं म्हणे पण तिसऱ्या दिवशी सगळ्याची चव एकच लागते. मधल्या एका रात्री आईवडिलांनी लिहिलेली पत्रं वाचायला देतात, तिथे भलेभले रडतात. त्या आठवड्याचे कपडे मी बाल्कनीतच बादलीत भिजवले, पाणी लाल मातीचं, पावडरीचा वास, खिशात एक अख्खं बिस्किटाचं पाकीट तसंच. त्या दिवशी त्याला कुरकुरीत काहीतरी हवं होतं, नुसतं कुरकुरीत, काहीही. मी कांदाभजी तळत राहिले आणि तो ओट्यापाशी उभ्यानेच खात राहिला, जंगलातलं सांगत राहिला, पाऊस कसा आला, शेजारच्या खड्ड्यातल्या पोराने अर्धं चॉकलेट कसं दिलं. टेबलावर बसवून विचारलं असतं ना, तर यातलं एक अक्षर सांगितलं नसतं, ही पोरं उभ्या उभ्या, हातात खायला असतानाच बोलतात.

रविवारी सकाळी कधी कधी बीच रोडला जावं लागतं. तिथे गोल्डन माइल फूड सेंटर आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर आर्मी मार्केट, छोटी छोटी दुकानं, बुटाचे इनसोल, नावाच्या पट्ट्या, पँटच्या खाली लावायची इलॅस्टिकं, झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशव्या, सगळं मिळतं. सैन्याकडून सामान मिळतंच, पण पोरांना त्यांच्या सीनियरनी सांगितलेली खास वस्तू इथेच घ्यायची असते. दुकानदारही पटकन ओळखतो, कुठली कंपनी, कितवा आठवडा, मग हे घे, ते नको, पैसे वाया जातील. असा दुकानदार मला फार भावतो. खरेदी झाली की खाली उतरून हॉकर सेंटरमध्ये बसायचं, थंडगार ग्रास जेली घ्यायची, काळी, पाकात बुडवलेली, वर बर्फ. दुपारच्या त्या दमट उकाड्यात तिच्यासारखं दुसरं काही नाही.

हॉकर सेंटर म्हणजे काय ते तिकडच्या, भारतातल्या श्रोत्यांना सांगायला हवं. एका छपराखाली खूपसे छोटे गाळे, प्रत्येकाचा एक-दोनच पदार्थांत हात बसलेला, मध्ये सगळ्यांना मिळून टेबलं. जागा धरायची तर टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जायचं, त्याला कोणी हात लावत नाही. जेवण झालं की ट्रे आपणच नेऊन ठेवायचा, हलालचा रॅक वेगळा, बाकीचा वेगळा, नाही ठेवला तर दंड होऊ शकतो. 2020 साली युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं, मला तर वाटतं फार उशिरा घेतलं.

आणि पोरांच्या सुट्टीतलं खरं जग इथेच असतं. माझ्या मुलाच्या सेक्शनमध्ये, म्हणजे छोट्या तुकडीत, मलय मुलगा आहे, चिनी आहेत, एक तमिळ आहे. शाळेत इथे दुसरी भाषा म्हणून मराठी घेता येत नाही, आमची बहुतेक मुलं हिंदी घेतात, त्यामुळे त्याचे मित्र बरेचसे हिंदीच्या वर्गातले, म्हणजे फिरून फिरून आपल्यासारख्याच घरातले. एनएसमध्ये पहिल्यांदा तो रात्रंदिवस बाकी सगळ्यांबरोबर राहिला. आता यांना एकत्र जेवायचं तर मलय पोराला हलालच हवं, आमचा बीफ खात नाही, एकजण शाकाहारी बौद्ध घरातला. मग कुठे जायचं? तर प्राट्याच्या दुकानात! हा प्राटा म्हणजे दक्षिण भारतातून इथे आलेला पराठा, हवेत फिरवून पातळ केलेला, तव्यावर खुसखुशीत भाजलेला, सोबत वाटीत आमटी किंवा माशाचा रस्सा. कोणी साधा घेतो, कोणी अंडं घालून, कोणी चीजचा, शाकाहारीवाला डाळीबरोबर. वर तेह तारिक, तो दुधाचा चहा उंचावरून ओतून फेसाळ केलेला. हे सगळं रात्री अकरा-बाराला, जेवण झाल्यावर, त्याला सपर म्हणतात आणि सिंगापूरच्या पोरांचा तो जीव की प्राण. मी आधी घड्याळ बघत जागी राहायचे, आता नाही. कुठे आहे, कोणाबरोबर आहे माहिती असतं, आणि त्या टेबलावर त्यांचं काय बोलणं होत असेल ते मला कळायची गरजही नाही.

कधी सायकली भाड्याने घेऊन ईस्ट कोस्ट पार्कला जातात, समुद्राच्या कडेकडेने, आणि मग लगूनच्या हॉकर सेंटरमध्ये साते खातात, कोळशावर भाजलेल्या मांसाच्या काड्या, शेंगदाण्याच्या दाटसर चटणीत बुडवून, आणि उसाचा रस लिंबू पिळून. ती चटणी खाऊन मुलगा मला म्हणाला, आई, हे तर आपलं दाण्याचं कूट आहे गं, फक्त गूळ जरा जास्त पडलाय. बरोबरच आहे की! पुलाऊ उबीनला मात्र ही पोरं येत नाहीत, छान बेट आहे, चांगी पॉइंटवरून होडीने जायचं, बारा माणसं भरली की होडी सुटते, पण पोरं म्हणतात, आई, जंगल? सुट्टीच्या दिवशी? नको.

रविवारी संध्याकाळी घर शांत होत जातं. बॅग भरणं, बुटाला पॉलिश, काहीतरी विसरल्याची आरडाओरड. परत जाताना तो जड जेवत नाही, म्हणून मी दहीभात करते किंवा मऊ खिचडी. पहिल्या काही आठवड्यांत पासिर रिसपर्यंत सोडायला जायचो, आता मित्र मित्र आधीच भेटतात, एकत्र काहीतरी खातात आणि एकत्रच आत जातात, ते जास्त बरं वाटतं त्यांना, मलाही.

बेसिक ट्रेनिंग संपून युनिटमध्ये गेल्यावर थोडी मोकळीक मिळते. मधल्या वारी कधी नाइट्स आउट असते, संध्याकाळी बाहेर जाऊन जेवून रात्री परत. वर्षाला 14 दिवसांची रजा मिळते. पण गार्ड ड्यूटी लागली की शनिवार-रविवार जळतो, इथे असंच म्हणतात, वीकएंड बर्न झाला. आपण मासे आणून ठेवलेले असतात आणि मेसेज येतो, सॉरी आई, ड्यूटी. अशा वेळी मी फोनवर हळहळत नाही. त्याला आधीच वाईट वाटलेलं असतं, त्यात आपलं रडगाणं कशाला. मासे शेजारच्या काकूंना जातात, त्यांचा मुलगा यंदा जाणार आहे, त्यांना काय काय विचारायचं असतं, मग तेवढ्याच गप्पा होतात.

ज्या आयांची मुलं यावर्षी जाताहेत त्यांनी पहिल्या बुक आउटला पाहुणे बोलावू नका एवढं ऐकाच माझं. नातेवाईक पुढच्या आठवड्यातही असतात. फोटोही एक-दोनच काढा, त्याला त्या भादरलेल्या डोक्याची लाज वाटत असते.

या शनिवारी सगळा सेक्शन आमच्याकडे जेवायला येतोय, मलय मित्र धरून, मेनू त्यांनीच ठरवलाय, वडापाव, कारण त्यात कोणालाच अडचण नाही. मुस्तफा सेंटरमधून बेसन आणि सुकं खोबरं आणायचंय आणि लसणाची चटणी मी दोन प्रकारची करणार आहे, एक आपली आणि एक त्यांना झेपेल अशी. तमिळ मुलगा म्हणालाय की त्याला आपलीच हवी. येते मी, नमस्कार!