ध्यास लागतो आणि घ्यावाही लागतो

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी आपल्याशी ध्यासाविषयी बोलणार आहे. आपल्या भाषेत नाद लागतो, वेड लागते, छंद जडतो. या साऱ्या गोष्टी आपल्या बाबतीत घडून जातात, आपण त्यांचे कर्ते नसतो. व्यासंग मात्र करावा लागतो. ध्यासाचे दोन्ही चालते: तो लागतोही आणि घेताही येतो. या दुहेरी वापरात फार खोल जाण आहे, असे मला मनापासून वाटते.

तरुणांना आपण सांगतो, "तुझी खरी आवड शोध." सल्ला प्रेमाचा असतो, परंतु त्यात एक गृहीत धरलेले असते, की ती आवड कुठेतरी पूर्ण घडलेल्या रूपात आपली वाट पाहत आहे. पॉल ओ'कीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी 2018 मध्ये याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतील एका प्रयोगात विद्यार्थ्यांना प्रथम कृष्णविवरांवरची रंजक चित्रफीत दाखवली आणि नंतर त्याच विषयावरचा अवघड लेख वाचायला दिला. आवड ही जन्मजात व ठरलेली असते असे मानणाऱ्यांचा उत्साह त्या लेखापाशी अधिक ओसरला. आवड वाढवता येते असे मानणाऱ्यांचा तितका ओसरला नाही. अडचण आली म्हणजे हा विषय आपला नव्हेच, असा निष्कर्ष काढून किती जणांनी हातची गोष्ट सोडून दिली असेल, या विचाराने मला हळहळ वाटते.

आकाशाचाच विषय निघाला आहे, तर हर्शेल भावंडांकडे वळू. विल्यम हर्शेल हे व्यवसायाने संगीतकार होते. पस्तिशीच्या सुमारास त्यांना दुर्बिणी बनवण्याचा नाद लागला. धातूचे आरसे ते स्वतः घासत, आणि अशाच एका दुर्बिणीतून 13 मार्च 1781 रोजी त्यांना युरेनस दिसला. ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. तिच्यात बाजूला उभ्या असलेल्या त्यांच्या बहिणीची, कॅरोलिनची, कथा मला अधिक मोलाची वाटते. ती गायिका म्हणून नाव मिळवू लागली होती. भाऊ आरसा घासायला बसला की काही वेळा सलग सोळा तास हात थांबवत नसे, आणि तेव्हा ही बहीण त्याला घास भरवत असे. पुढे भावाने संगीत सोडले आणि तिचे गाणेही मागे पडले. एकाच्या ध्यासाची किंमत घरातले दुसरे कोणीतरी मोजत असते, ही गोष्ट आपण थोरांच्या चरित्रांत फार घाईने ओलांडून जातो.

ध्यासाला ही दुसरी बाजू आहे, हे मानसशास्त्रानेही नोंदवले आहे. रॉबर्ट व्हॅलरँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये त्याचे दोन प्रकार मांडले. एका प्रकारात माणूस ते काम मनापासून करतो, पण ते बाजूला ठेवणेही त्याला जमते आणि आयुष्याच्या इतर अंगांशी त्याचा मेळ राहतो. दुसऱ्या प्रकारात कामच माणसाला ओढत नेते; ते थांबवले तर अस्वस्थता येते, आणि आपली सारी किंमत त्याच्या यशापयशावर टांगलेली राहते. बाहेरून दोघांचे कष्ट सारखेच दिसतात. म्हणून एखाद्याचा ध्यास किती तीव्र आहे एवढेच न पाहता, तो खाली ठेवता येतो का, हेही पाहावे, असे माझे मत आहे. संस्कृतात विद्येच्या आसक्तीलाही व्यसन म्हटलेले आहे, हे येथे आठवते.

आता पुन्हा कॅरोलिनकडे येऊ. खगोलशास्त्र तिने निवडलेले नव्हते. ते तिच्यावर येऊन पडले होते. आरंभी ती भावाची निरीक्षणे लिहून घेई, आकडेमोड करी, आणि थंडीतल्या रात्री एकटीने आकाश न्याहाळणे तिला मुळीच रुचत नव्हते. तरीही त्या रुक्ष नोंदी करता करता तिची नजर तयार झाली. 1 ऑगस्ट 1786 रोजी भाऊ परदेशी असताना तिने आपला पहिला धूमकेतू शोधला आणि पुढील अकरा वर्षांत तिच्या नावावर एकूण आठ धूमकेतू जमा झाले. न मागितलेल्या कामातून असा ध्यास उगवावा, याचे मला आजही नवल वाटते. मात्र तिच्यावर काम लादले गेले ते योग्यच झाले, असा अर्थ मी यातून काढत नाही.

1822 मध्ये विल्यम गेले आणि ती जन्मगावी परतली. तिथे समोरच्या घरांच्या उंच छपरांमुळे आकाश नीट दिसत नाही, याची तिला खंत होती. वयाची सत्तरी उलटलेली होती, आणि आता सोबतीला आज्ञा देणारा भाऊही नव्हता. तरी ती टेबलाशी बसली आणि सुमारे अडीच हजार तेजोमेघांची व तारकागुच्छांची सूची तिने आपल्या भाच्यासाठी, विल्यम यांच्या मुलासाठी, नव्याने लावून दिली.