रेवस ते रेडी : येत्या वर्षाची सायकल मोहीम आखताना

मित्रमैत्रिणींनो, नमस्कार.

दिवाळीचा फराळ संपत आला की मला फोन यायला लागतात. "ताई, यंदा किनाऱ्यानं गोव्याकडे जायचंय, रोज किती किलोमीटर धरू?" मी उलट विचारते, "निघणार कधी, आणि रिकामा दिवस कुठे ठेवलायस?" पहिल्याचं उत्तर बहुतेकांकडे असतं. दुसरा प्रश्न ऐकला की पलीकडे शांतता. आज मला त्या रिकाम्या दिवसाबद्दलच मुख्यतः बोलायचं आहे, पण तिथवर जायला आधी थोडं कॅलेंडर चाळावं लागेल.

1923 साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघं ती पुरी करून 1928 मध्ये परत आले. साडेचार वर्षं! वाटेत एखाद्या गावात दोन आठवडे अडकून पडले तरी त्यांची मोहीम मोडत नव्हती. आपल्याकडे मोजून दहा दिवस असतात. त्यात एक दिवस वाया गेला की पुढच्या सगळ्या मुक्कामांची साखळी तुटते. म्हणून आपल्याला जास्त नेटकं आखायला हवं, आणि नेटकं म्हणजे गच्च नव्हे.

मी रेवस ते रेडी हा कोकण किनाऱ्याचाच मार्ग उदाहरणाला घेते. एक तर तो आपल्या दाराशी आहे. दुसरं म्हणजे मोहीम आखताना ज्या ज्या गोष्टी विसरल्या जातात त्या सगळ्या तिथे भेटतात. सुमारे पाचशे किलोमीटर म्हणजे तरुण मुलांना चार दिवसांचं काम वाटतं. नकाशावर समुद्राकाठची रेघ, म्हणजे सपाट रस्ता, असा त्यांचा समज. कोकणातलं गाव खाली, खाडीच्या नाहीतर समुद्राच्या पातळीला. आणि दोन गावांच्या मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे उंचावरचं उघडं दगडी पठार. गावातून निघालात की चढ, सड्यावर उघडं ऊन, आणि पुन्हा वळणावळणानं पुढच्या गावात उतार. दिवसातून असं पाच-सहा वेळा. साठ-सत्तर किलोमीटरमध्ये हजार मीटर चढ सहज गोळा होतो. आणि उतारावर मिळवलेलं सगळं पुढच्या चढावर द्यावं लागतं, कारण उतार संपतो तिथे गावातली अरुंद गल्ली असते, शाळा सुटलेली असते, ब्रेक दाबूनच यावं लागतं.

माझ्याकडे चौकटीची एक वही आहे. प्रत्येक दिवसाला एक पान. पहिला रकाना उजेडाचा. जानेवारीत रत्नागिरीकडे सात-सव्वासातला उजाडतं आणि सव्वासहाच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणजे हाताशी अकरा तास. त्यातले दोन जेवण-चहा-पाण्याचे, एक फेरीबोटीचा, आणि एक जो कशात जातो ते कधीच कळत नाही तो. उरले सात. दुसरा रकाना चढाचा. सामान लादलेल्या सायकलला दर शंभर मीटर चढाला मी दहा मिनिटं जादा धरते. हा माझ्या पायांचा हिशेब. तुम्ही तुमचा काढा. त्यापुढे खाडी, पाणी, मुक्काम. किलोमीटरचा रकाना अगदी शेवटी, आणि तो मी भरत नाही, तो आपोआप भरतो. कोकणात तो पंचावन्न ते पंच्याहत्तरच्या मध्ये येतो. फार कमी वाटतो ना? जाऊन या, मग बोलू.

आता खाड्या. धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड. पहिली ओलांडायला भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच किंवा मांडव्याची बोट. मग आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. या चारही ठिकाणी सायकल सरळ फेरीबोटीवर चढते. चाक गच्च धरून कठड्याशी उभं राहायचं आणि दहा-पंधरा मिनिटं पाय सोडून द्यायचे. मला स्वतःला या मार्गाची सगळ्यात जास्त ओढ या खाड्यांमुळे आहे. सकाळच्या बोटीवर माशांच्या पाट्या घेतलेल्या बाया, दुधाचे कॅन, शाळेतली पोरं, एखादा टेम्पो, आणि त्यांच्यात आपण. पण बोटीला वेळ असते आणि शेवटची फेरी नावाची एक गोष्ट असते. ती हुकली तर समोर दिसणारं गाव रस्त्यानं गाठायला पार आत वळसा घालावा लागतो, आणि अंधारात तो कुणीही घालू नये. म्हणून वहीत प्रत्येक खाडीपुढे दोन वेळा लिहिते : शेवटची फेरी कधीची आणि आपण किती वाजता पोचणार. दोहोंमध्ये किमान तीन तास असायला हवेत. आणि या वेळा निघायच्या आठवड्यात, मुक्कामाच्या घरी फोन करून विचारायच्या.

हे तीन तास मी कुठे शिकले ते सांगते. सहा वर्षांपूर्वी आम्ही पाच जण गुहागरहून निघालो होतो. हेदवी मागे टाकली आणि चढावर माझ्या मागच्या चाकातून 'टण्ण' असा आवाज आला. स्पोक तुटला. तुटला तोही गिअरच्या बाजूचा. तिथला स्पोक बदलायचा तर दात्यांची चवड काढावी लागते, आणि ती काढायचं हत्यार आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. चाक असं डोललं की रिम ब्रेकला घासायला लागली. पुढच्या वस्तीत एक सायकल दुरुस्तीवाले काका भेटले. सत्तरीच्या पुढचे. त्यांनी डब्यातले सगळे स्पोक जमिनीवर ओतले, एकेक माझ्या चाकाला लावून पाहिला. एकही बसेना, साध्या सायकलींचे वेगळ्या लांबीचे सगळे. शेवटी त्यांनी मोडका स्पोक शेजारच्याला तारेनं बांधला, बाकीचे थोडे सैल-घट्ट करत बोटाच्या नखानं रिम तपासत बसले. तासभर. चाक फिरवायचे, नख टेकवायचे, जिथे 'किर्र' वाजेल तिथे पाव आटा. पैसे घेताना म्हणाले, "पोरी, उतारावर उतरून चाल." मी चालले. आम्ही तवसाळला पोचलो तेव्हा शेवटची बोट पलीकडे लागलेली होती आणि जयगडच्या बाजूचे दिवे पाण्यात दिसत होते.

त्या रात्री एका घरानं आम्हाला पडवी दिली, भात-आमटी दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण दुसऱ्या दिवसाचा मुक्काम गेला, त्याच्या पुढचा गेला, तिघांना रजा वाढवून मिळेना आणि रत्नागिरीहूनच परतावं लागलं. त्या वर्षीच्या वहीत रिकामं पान नव्हतं.

तेव्हापासून दोन गोष्टी पाळते. माझ्याच चाकाच्या लांबीचे तीन स्पोक मागच्या दांड्याला चिकटपट्टीनं बांधलेले असतात, आणि ते छोटं हत्यार पिशवीत असतं. हे दुकानदाराला नुसतं सांगून चालत नाही. गिअरच्या बाजूचे आणि दुसऱ्या बाजूचे स्पोक लांबीला बहुधा वेगळे असतात, चाक दाखवून मोजूनच घ्या. सोबत डिरेलरचा, म्हणजे चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेचा, हँगर, चेनची जोडकडी, दोन ट्यूब, ब्रेकच्या पॅडची एक जोडी. कोकणच्या उतारांवर पॅड किती झिजतात याचा अंदाज पहिल्या वेळी कुणालाच येत नाही.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे रिकामा दिवस. तो शेवटी ठेवू नका. शेवटी ठेवलेला दिवस परतीच्या तिकिटासाठी वापरला जातो. तो मधोमध असावा, अवघड खाड्या आणि लांब टप्पे यांच्या मध्ये. मी यंदा असं धरलं आहे : मांडव्याहून मुरुड-जंजिरा, मग हरिहरेश्वर, मग हर्णै, मग गुहागर. चार दिवस. पाचवा दिवस गुहागरला रिकामा. काही बिघडलं नसेल तर कपडे धुवा, चेन पुसून तेल घाला, समुद्रावर जा, दुपारी झोपा. बिघडलं असेल तर हाच दिवस सगळं सावरून घेतो. त्यानंतर गणपतीपुळे, मग विजयदुर्ग (हा सगळ्यात दमवणारा टप्पा, उजाडताना निघायचंच), मग मालवण, मग वेंगुर्ल्यावरून रेडी. दहाव्या दिवशी सावंतवाडी आणि आगगाडी. म्हणजे दोन शनिवार-रविवार आणि सहा दिवसांची रजा. नोकरी करणाऱ्याला जमण्यासारखं आहे, फक्त ती रजा आत्ता टाका, डिसेंबरात नको.

वाऱ्याचं सांगायचं राहिलं. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे वाचलेले असतात. सायकलवर ते अंगाला लागतात. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून येणारं मतलई वारं गार आणि हलकं. अकरा-बारानंतर समुद्राकडून खारं वारं सुटतं, आणि आपल्या किनाऱ्यावर ते साधारण वायव्येकडून येतं. दक्षिणेकडे जाणाऱ्याला ते पाठीशी मिळतं. गोव्याहून मुंबईकडे येणाऱ्याच्या ते रोज दुपारी तोंडावर, नेमकं सड्यावर असताना. म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे. घरी परत येण्याची सोय बघून उलटी दिशा धरणारे पुष्कळ भेटतात. परतीसाठी गाडी आहे, वाऱ्यासाठी काही नाही.

तारखा निवडताना नाताळचा आठवडा सोडा. रस्त्यावर गाड्यांची रांग आणि खोलीचे भाव दुप्पट. सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आली तर तीही टाळा. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा मला सगळ्यात आवडतो. मार्चमध्ये शिमगा असतो, चाकरमानी गावी आलेले असतात, घराघरांत पालखी. ते पाहायला जरूर जा, पण पाहायलाच. तोवर सड्यावरचं ऊन सायकलचं राहिलेलं नसतं.

वर्षाच्या बाकीच्या महिन्यांबद्दल थोडक्यात. ज्यांना घड्याळाविरुद्ध चालवायची हौस आहे त्यांच्यासाठी ब्रेव्हे आहेत, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला वीस, 400 ला सत्तावीस, 600 ला चाळीस. त्यांचं वर्ष नोव्हेंबरात सुरू होतं. त्यांतली फ्रान्समधली मोठी, पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, दर चार वर्षांनी होते. 2023 ला झाली, आता 2027 ला. तिकडे डोळा असेल तर ही चारही अंतरं 2027 च्या हंगामात पुरी करावी लागतील, आणि तयारी आदल्या वर्षापासूनच. आपल्या नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी 2015 साली अमेरिका आरपार करणारी शर्यत दोघांच्या गटात पुरी केली, वेदांगी कुलकर्णीनं विसाव्या वर्षी पृथ्वीला फेरी घातली. ही माणसं आपल्यातलीच आहेत. पण ब्रेव्हेची सवय मोहिमेत नेऊ नका. तिथे झोप कमी करून वेळ मिळवतात, मोहिमेत तेच केलं की चौथ्या दिवशी माणूस चिडचिडा होतो आणि पाचव्या दिवशी पडतो.

मनाली-लेह करायचं असेल तर जुलै ते सप्टेंबर. तिथला हिशेब चढाचा नाही, झोपण्याच्या उंचीचा. तीन हजार मीटरच्या वर गेलात की रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नको. सरचू सव्वाचार हजार मीटरच्या वर आहे आणि उत्साही मंडळी तिथे फार लवकर जाऊन झोपतात. रात्री डोकं फुटायला लागतं. तिथे एक रिकामा दिवस पुरत नाही, दोन ठेवा, आणि दोन्ही खालच्या अंगाला, चढाई सुरू व्हायच्या आधी.

मुक्कामाबद्दल बायकांशी खास बोलायचं आहे. पुष्कळ जणी विचारतात, सुरक्षित वाटतं का? मी घरगुती सोय असलेल्या ठिकाणीच राहते आणि बुकिंगचा फोन घरातल्या बाईशीच करते. त्यातून तीन गोष्टी आपसूक कळतात : संडास-बाथरूम घरात आहे की बाहेर, गरम पाणी मिळेल का, कपडे कुठे वाळतील. आणि पलीकडून एक प्रश्न हमखास येतो, "रात्री जेवायला किती माणसं?" याचं उत्तर नक्की द्या. ताट तुमच्या नावानं होतं, बाजारातून मासळी तुमच्या हिशेबानं येते. उशीर होणार असेल तर दुपारीच कळवा. एकदा आम्ही रात्री नऊला पोचलो तेव्हा काकू ताटं झाकून, स्वतः न जेवता बसल्या होत्या. मला त्या घासाबरोबर फार वाईट वाटलं होतं.

सायकल परत आणण्याचं काम आधी ठरवा. एका बसवाल्यानं आमच्या सायकली बॅगांच्या खाली आडव्या कोंबल्या आणि माझ्या मैत्रिणीचा डिरेलर वाकला. आता आम्ही पेडल काढून, हँडल वळवून, गिअरच्या बाजूला पुठ्ठा बांधून देतो आणि चढवताना तिथे उभे राहतो. रेल्वेच्या पार्सल खात्यातून पाठवलीत तर ती तुमच्याच गाडीनं येईल असं धरू नका. दुसऱ्या दिवशी आणायची तयारी ठेवा.

यंदा आमच्या गटात नव्या चार जणी आणि दोघे आहेत. त्यांना माझी एकच अट आहे, आणि इथे कुणाला यायचं असेल तर त्यांनाही तीच. येत्या रविवारी सकाळी सहा वाजता जुन्या कात्रज घाटाच्या पायथ्याशी या. सायकलला मोहिमेला न्याल तेवढंच सामान, तेवढंच पाणी, तेच बूट. बोगद्यापर्यंत चढू, पलीकडे उतरू, चहा घेऊ आणि पुन्हा चढून परत येऊ. परत आल्यावर पिशव्या रिकाम्या करून जमिनीवर मांडायच्या आणि ज्या वस्तूला हात लागला नाही ती घरी ठेवायची. स्पोक आणि ते हत्यार तेवढं काढू देणार नाही.